खुणेचे बेट

गडद निळ्या पाण्याच्या अथांग पटावर, अगदी उजव्या कडेला, एकच षट्कोनी टाइल किंचित फिकट दिसते. आजूबाजूचे पाणी दौतीतल्या शाईसारखे दाट, आणि हा एवढा एक तुकडा मात्र मोरपिसाच्या कडेसारखा हिरवट-निळा. जमीन अजून कुठेही नाही. झाड नाही, डोंगर नाही, वाळूची पांढरी रेघसुद्धा नाही. तरी माउसवरचा हात थबकतो, आपण खुर्चीत थोडे पुढे सरकतो आणि स्वतःशीच म्हणतो, 'इथे बेट आहे.' बेट दिसण्याआधी बेट कळणे, डोळ्यांच्या आधी मनाने किनाऱ्याला लागणे, या एका क्षणाची गोडी आज आपण सावकाश चाखणार आहोत.

हा क्षण आहे 'सिव्हिलायझेशन ६' या खेळातला. सिड मायर यांच्या नावाने १९९१ मध्ये सुरू झालेल्या या खेळमालिकेचा सहावा अवतार फिरॅक्सिस गेम्सने २०१६ मध्ये आणला, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत आलेल्या 'गॅदरिंग स्टॉर्म' या विस्तारात माओरी संस्कृती आणि तिचा नायक कुपे यांचे आगमन झाले. खेळाचा एकंदर विषय मोठा आहे: इसवी सनपूर्व ४००० पासून अंतराळयुगापर्यंत एका समाजाचा प्रवास. प्रचलित गतीने खेळले तर पाचशे पाळ्यांचा हा डाव. त्यातल्या लढाया, करार, शोध, चमत्कारासारख्या वास्तू यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. आपल्याला मात्र त्या पाचशेंतल्या पहिल्या तीस-चाळीस पाळ्याच पुरेत, आणि त्याही बेटाबेटांच्या नकाशावरच्या; कारण अज्ञात भूमीचा कयास बांधणे आणि त्या कयासावर वस्त्यांचा पहिला आराखडा रचणे, ही या खेळातली सर्वांत नाजूक कला तिथे एखाद्या अलंकारासारखी सुटी करून पाहता येते.

सुरुवात त्या पडद्यापासूनच करू. न पाहिलेला प्रदेश बहुतेक खेळांत काळा असतो. इथे तो जुन्या चर्मपत्रासारखा पिवळसर, जीर्ण आणि उबदार आहे. त्यावर युरोपातल्या सागरी शोधयुगाच्या नकाशांत असत तशी चित्रे: लाटांतून डोके काढणारे जलराक्षस, दिशा दाखवणारी चक्रे. आपले जहाज पुढे सरकले की तेवढ्या भागातले चर्मपत्र विरते आणि खाली चकाकते पाणी उलगडते. जहाज पुढे निघून गेले की मागचा प्रदेश पुन्हा रंग टाकतो आणि रेखाटनासारखा, तपकिरी रेषांचा होऊन राहतो. किती हळुवार विचार आहे पाहा. जे पाहतो आहोत ते सजीव, जे पाहिले होते ते स्मरणातले रेखाचित्र, आणि जे पाहिलेच नाही ते कोऱ्या कागदासारखे, कुणीतरी लिहावे म्हणून वाट पाहणारे. ज्ञानाच्या या तीन अवस्था एकाच पटावर शेजारी शेजारी नांदतात, आणि खेळणाऱ्याचे मन त्यांच्या सीमारेषेवर एखाद्या टिटवीसारखे येरझारा घालत राहते.

इतर सगळ्या संस्कृतींचा डाव जमिनीवर सुरू होतो. पायाखाली माती असते, जवळपास एखादी नदी असते, आणि बहुतेक जण पहिल्या पाळीतच राजधानी वसवून टाकतात. कुपेचा डाव मात्र भर समुद्रात सुरू होतो. एक सेटलर, म्हणजे शहर वसवणारा जथा, आणि एक वॉरियर, म्हणजे योद्धा, दोघेही होड्यांत, आणि चहूकडे खोल पाणी. ज्या काळात इतरांना किनाऱ्यालगतच्या पाण्यात उतरायचीही विद्या नसते, त्या काळात माओरींना नौकानयन आणि जहाजबांधणी ही दोन्ही तंत्रे जन्मजात मिळालेली असतात, आणि जो खुला महासागर बाकीच्यांना थेट प्रबोधनकाळातल्या नकाशाशास्त्रानंतर मोकळा होतो तो यांना पहिल्या श्वासापासून अंगणासारखा असतो. म्हणजे रचनाकारांनी या एका संस्कृतीला घर दिले नाही, पण वाट दिली; आणि वाटेवर असण्यालाच मोल दिले. पहिले शहर वसेपर्यंत दर पाळीला विज्ञानाचे २ आणि संस्कृतीचे २ गुण कुपेच्या पदरात पडत राहतात.

या दोन-दोन गुणांपाशी जरा रेंगाळू या. खेळाच्या हिशेबात आरंभीची एकेक पाळी सुमारे चाळीस वर्षांची. दहा पाळ्या समुद्रात काढल्या तर चार शतके लाटांवर गेली. व्यवहारी मनाला हा उशीर टोचतो. शेजारी कुठेतरी धान्य पिकवीत असतील, भिंती उभारीत असतील, आणि आपण मात्र पाण्यावर. पण त्या दोन-दोन गुणांतून खेळ सांगतो, की शोधात घालवलेला काळ वाया जात नाही; तारे पाहणारा, वारा ओळखणारा, पाण्याचा रंग वाचणारा माणूस त्या वेळीही विद्या आणि संस्कृती घडवीतच असतो. नियमांच्या भाषेत लिहिलेले हे एक सुभाषितच आहे. आणि सुभाषितासारखेच त्याला दुसरे टोकही आहे: पहिले शहर वसले की हा ओघ थांबतो. म्हणून प्रत्येक पाळीला आपल्यापुढे एक गोड पेच उभा राहतो, आणखी एक पाळी वाचायचे, की वाचलेल्यावर आता विश्वास टाकायचा?

वाचायचे म्हणजे काय? ती फिकट टाइल पुन्हा हाती घेऊ. या खेळाच्या भूगोलात जमिनीला लागून असलेली समुद्राची प्रत्येक टाइल उथळ असते, आणि हे उथळ पाणी कधी आणखी एक, कधी दोन टाइल पुढे पसरलेले असते. त्यामुळे खोल पाण्यातून जाताना फिकट निळाई दिसली, की तिच्या पलीकडे जमीन हाकेच्या अंतरावर आहे हे जवळजवळ निश्चित. आपल्याकडे न्यायशास्त्राने याचे फार सुंदर व्याकरण मांडून ठेवले आहे. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे हे कळते, कारण धूर आणि अग्नी यांचे साहचर्य आपण स्वयंपाकघरापासून पाहत आलेलो असतो. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार येतात: कारणावरून कार्याकडे जाणारे पूर्ववत्, कार्यावरून कारणाकडे जाणारे शेषवत्, आणि नित्य अनुभवाच्या साम्यावर उभे असलेले सामान्यतोदृष्ट. मेघ दाटले म्हणून पाऊस येईल हे पहिल्याचे उदाहरण. नदीला पूर आला म्हणजे वरच्या अंगाला पाऊस झाला असेल हे दुसऱ्याचे. भाष्यकारांनी दिलेली ही उदाहरणे वाचताना मला नेहमी वाटते, की ही माणसे पाण्याकाठी बसून विचार करीत होती. उथळ निळाईवरून बेट ओळखणारे आपणही त्याच पाण्याकाठी, त्यांच्यापासून थोडे अलीकडे, बसलेलो असतो.

पूर्ववत् अनुमानाची गंमत पाहायची तर उत्तरेकडे थोडे वल्हवत जाऊ. नकाशा पूर्व-पश्चिम गोलाकार जुळलेला असतो, म्हणजे पूर्वेला जात राहिले तर पश्चिमेकडून परत येता येते. पण उत्तर आणि दक्षिण ही खरी टोके आहेत आणि त्या टोकांशी समुद्रावर बर्फ साकळलेला असतो. पांढऱ्या बर्फाची पहिली लादी दिसली, की अक्षांश कळले. मग पुढचे सगळे ओघाने येते: इथे जमीन सापडली तर ती हिमाच्छादित नाहीतर टुंड्राची निघणार, धान्याला कंजूष, दक्षिणेला वळलो तर आधी गवताळ आणि सपाट मैदाने, आणि विषुववृत्ताजवळ दाट वर्षावने. एका बर्फाच्या लादीवरून आपण अजून जन्मालाही न आलेल्या शेतांचे पीक जोखतो. आणि कुपेच्या खेळाडूला तर वर्षावनाची ओढ जास्तच, कारण माओरींना हात न लावलेल्या वनातून आणि वर्षावनातून प्रत्येक टाइलमागे एक जादा उत्पादन मिळते. तेव्हा होडीच्या नाळेचे टोक दक्षिणेकडे वळते ते काही लहरीने वळत नाही. त्या वळणात हवामान, वनस्पती आणि भावी नगराचे भाग्य, सगळे एकवटलेले असते.

इथे खेळातून क्षणभर बाहेर पडून खऱ्या प्रशांत महासागरावर जायला हवे, कारण या कल्पनेचे मूळ तिथल्या माणसांच्या अंगच्या विद्येत आहे. १९७६ मध्ये 'होकुलेआ' नावाची दुहेरी धडांची शिडाची नौका हवाईहून ताहितीला निघाली. तिच्यावर दिशादर्शनाची कुठलीही उपकरणे वापरायची नाहीत असा संकल्प होता. तिचा मार्गदर्शक होता मायक्रोनेशियातल्या सातावाल या लहानशा बेटावरचा माउ पिआइलुग. तारे उगवण्या-मावळण्याच्या जागा, लाटांची लय, वाऱ्याचा स्पर्श यांच्या आधाराने सुमारे महिन्याभरात त्याने ती नौका चार हजार किलोमीटरपलीकडच्या ताहितीला नेली. पॉलिनेशियाच्या पूर्वजांनी ही बेटे वाऱ्यावर भरकटून योगायोगाने गाठली असतील असे मानणाऱ्यांना हे साधे, शांत उत्तर होते.

त्या विद्येतली एक गोष्ट आपल्या फिकट टाइलशी अगदी सख्खे नाते सांगते. विशाल सागरात बेट हा केवढा ठिपका! तो नेमका गाठायचा म्हणजे सुईच्या नेढ्यातून दोरा घालणे. पण जाणत्या नावाड्याच्या मनात बेट त्याच्या मातीएवढे नसतेच. किनाऱ्यावर घरटी करणारे पक्षी सकाळी मासे टिपायला वीस-पंचवीस सागरी मैल बाहेर येतात आणि सांजावले की सरळ घराकडे उडतात. संध्याकाळी ते ज्या दिशेला जातील तिकडे जमीन. वाऱ्याबरोबर वाहणाऱ्या ढगांत एखादा ढग एकाच जागी ठाण मांडून बसतो, कारण त्याच्याखाली उंच बेट असते. कधी त्याच्या पोटावर खाजणातल्या पाण्याची हिरवट झाक उमटते. दूरवरून येणारी लाट बेटाला वळसा घालताना वाकते, आणि ते वाकणे बेट दृष्टीआड असतानाच नौकेच्या तळाला जाणवते. मार्शल बेटांवरचे नाविक तर काड्या बांधून लाटांच्या वाकण्याचे नकाशे करीत आणि त्यांत बेटांच्या जागी शिंपले लावीत. असे पक्ष्यांचे, ढगांचे, लाटांचे कडे प्रत्येक बेटाभोवती असते, आणि शेजारच्या बेटांची कडी एकमेकांत गुंतून समुद्रावर जणू जाळे विणले जाते. नावाडी बेट गाठत नाही, आधी ते कडे गाठतो. मग कडे त्याला बेटापर्यंत पोचवते. आता खेळातली ती फिकट टाइल पुन्हा पाहू या. बेटाभोवतीचे उथळ पाण्याचे वलय म्हणजे त्या सगळ्या पक्ष्यांचा, ढगांचा आणि लाटांचा एकाच रंगात आटवलेला अर्क आहे. केवढी विद्या केवढ्याशा छटेत मावली आहे!

छटेमागे जात जात अखेर किनारा दिसतो, आणि त्याबरोबर वाचनाचा पोत बदलतो. होडीतून दोनच टाइल दिसतात. त्यात टेकडी किंवा वन आडवे आले की त्यामागचे झाकलेले राहते. पण किनाऱ्यावर एखाद्या नदीचे मुख सापडले तर तो केवढा मोठा निरोप असतो! या खेळात नद्या टाइलच्या कडांवरून, दोन शेतांमधल्या बांधासारख्या वाहतात आणि उंचावरून उतरून समुद्राला मिळतात. म्हणजे मुख दिसले की वर कुठेतरी टेकड्या आहेत, कदाचित पर्वत. पर्वत असतील तर त्यांच्या पायथ्याशी विद्यापीठाचा परिसर फुलेल, कारण लगतचा प्रत्येक पर्वत त्या परिसराच्या विज्ञानात एकाची भर घालतो. पुरावरून पाऊस ओळखणारा शेषवत् तर्क इथे नदीवरून पर्वत आणि पर्वतावरून पाठशाळा ओळखतो. एका निळ्या रेषेचे टोक धरून आपण मनातल्या मनात डोंगर चढू लागतो.

मग सेटलर निवडला की नकाशावर रंगांचा एक तलम पदर उतरतो. गडद हिरवे म्हणजे गोडे पाणी जवळ, फिकट हिरवे म्हणजे नुसता समुद्रकिनारा, राखाडी म्हणजे पाण्याविना, आणि लाल म्हणजे इथे वसता येणार नाही. आकडे साधे आहेत: गोड्या पाण्याकाठच्या शहरात आरंभी पाच जणांच्या घरांची सोय, खाऱ्या किनाऱ्यावर तिघांची, कोरड्या जागी दोघांची. पण त्या पाच-तीन-दोनमध्ये मानवी वसाहतींचा केवढा इतिहास बोलतो. आपली जुनी गावे आठवून पाहा. किती गावांच्या नावांत, ग्रामदैवतांच्या कथांत नदी, तळे, झरा आहे. समुद्र अन्न देतो, वाट देतो, पण तहान भागवत नाही. म्हणून बेटावर उतरणाऱ्याची पहिली नजर वाळूवर ठरत नाही, ती ओढ्याच्या तोंडाशी जाते. खेळाने हे ज्ञान पुस्तकी न ठेवता रंगात उतरवले, आणि रंगातून आपल्या बोटांत.

नदीमुखाशी राजधानी वसते, कुपेबरोबर आलेल्या लोकांत एकाची भर पडते, पहिला बांधकाम करणारा हाताशी येतो, आणि चर्मपत्रावर प्रथमच आपल्या रंगाची सीमारेषा उमटते. आता विस्ताराचा आराखडा. इथे खेळणाऱ्याचे मन रांगोळी काढणाऱ्या हातासारखे काम करू लागते: आधी ठिपके, मग रेषा. शहर आपल्याभोवतीच्या तीन टाइलपर्यंतची जमीन कसू शकते, आणि दोन शहरांच्या मध्ये किमान तीन टाइल मोकळ्या राहाव्या लागतात. फार दूर ठिपके टाकले तर मधली भूमी पोरकी राहते. फार जवळ टाकले तर दोन्ही शहरे एकाच शेतासाठी हात पुढे करतात. बेटांच्या नकाशावर तर कुठे ठिपक्यांची ओळ समुद्रातच जाते, कुठे एखादी खाडी दोन ठिपक्यांत शिरते. ही अडचण नव्हे, हा या रांगोळीचा छंद आहे. ठरीव जाती मोडून किनाऱ्याच्या वळणाने वळायला लावणारा.

त्यात एका आकृतीवर माझा विशेष जीव आहे. शहराच्या लगत पाण्यात बंदर बांधले तर त्याला शहराच्या सान्निध्याचे २ गुण मिळतात, शिवाय मासे, खेकडे, मोती अशी लगतची प्रत्येक सागरसंपत्ती आणखी एकेक देते. त्या बंदराला आणि नदीला लागून बाजारपेठ वसवली तर तिला नदीचे २ आणि बंदराचे २. नगर, बंदर आणि पेठ यांचा हा त्रिकोण जमला, की तीन वर्तुळे एकमेकांना उजळतात, जसे तंबोऱ्याच्या तारा जुळल्यावर एकीचा झंकार दुसरीत उठतो. आणि मौज अशी, की हा त्रिकोण प्रत्यक्षात उभा राहायला पुष्कळ पाळ्या लागतात, विद्या शिकाव्या लागतात, लोकसंख्या वाढावी लागते. पण त्याची जागा पहिल्या शहराचा झेंडा रोवतानाच ठरलेली असते. नदीच्या डाव्या काठाला वसायचे की उजव्या, मुखाशी की एक टाइल आत, हा आज क्षुल्लक वाटणारा प्रश्न उद्याच्या पेठेचे भाग्य ठरवतो. किनाऱ्याजवळ प्रवाळाचा एखादा झगझगीत पट्टा दिसला, तर त्याच्या लगतची जमीन मनातल्या मनात विद्यापीठासाठी राखून ठेवायची. कारण प्रवाळाचे सान्निध्य त्याला २ गुण देते. खेळात नकाशावर खुणेचे झेंडे टोचायची सोय आहे. माझ्या चाळिसाव्या पाळीच्या नकाशावर इमारती दोन आणि झेंडे वीस असतात. आणि मला त्या वीस झेंड्यांत वावरणारे शहर त्या दोन इमारतींहून खरे वाटते.

मग येतो क्रमाचा विचार, आणि विस्ताराच्या कलेचे मर्म इथे आहे. दर सेटलरबरोबर शहराचा एक रहिवासी निघून जातो, आणि दर नव्या सेटलरची किंमत आधीच्याहून चढती असते. तेव्हा सगळीकडे एकदम जाता येत नाही. दोन जागा डोळ्यांत भरल्या आहेत: एक आपल्याच बेटाच्या पाठीमागे, सुरक्षित, सुपीक, दुसरी समोरच्या बेटावर, सामुद्रधुनीच्या तोंडाशी, जिथे परक्याची होडी केव्हाही येऊ शकते. जवळची सोपी जागा आधी घ्यावी असे मन म्हणते. जाणता खेळाडू थांबतो आणि विचारतो, यांतली कोणती जागा माझ्यासाठी वाट पाहील? जी वाट पाहील ती नंतर. जी पाहणार नाही तिकडे आज होडी सोडायची. मात्र फार धीट होऊनही चालत नाही. २०१८ च्या 'राइज अँड फॉल' या विस्तारापासून खेळात निष्ठेचा विचार आला. नऊ टाइलच्या आतली लोकवस्ती आपला ओढा टाकत असते, आणि परक्या गर्दीच्या कुशीत एकटे वसवलेले शहर हळूहळू मनाने त्यांचे होऊ लागते. समुद्र मध्ये आहे म्हणून माणसांचा ओढा थांबत नाही, हे किती मनोज्ञ निरीक्षण! तेव्हा दूरच्या शहराला सोबत म्हणून दुसरे, दुसऱ्याला तिसरे, असा बेटाबेटांवरून दिव्यांची ओळ लावावी तसा आराखडा पुढे सरकतो.

माओरींच्या डावात या विस्ताराला आणखी एक हळवी किनार आहे. कोळ्यांच्या होड्यांनी मासळीची एखादी टाइल जोपासली, की भोवतीच्या टाइलही आपल्या सीमेत येतात आणि त्या होडीतून अन्नही एक जास्त मिळते. जमिनीवर कुंपणे सरकवून राज्य वाढते तसे इथे ते जाळे पसरून वाढते. उलट इतर संस्कृती जंगलातली आणि शिवारातली नैसर्गिक संपत्ती एकरकमी काढून घेऊ शकतात, ती मुभा माओरींना नाही. खेळातल्या कुपेच्या स्वभावाला नाव दिले आहे 'काइतिआकितांगा', म्हणजे निसर्गाची राखण. याचा परिणाम आपल्या वाचनावर होतो. इतरांच्या डावात घनदाट अरण्य दिसले की मन तोडणीचा हिशेब करते. इथे तेच अरण्य दिसले की मन सुखावते आणि त्याला हात न लावता त्याच्या कडेने नगर कसे वळवावे याचा विचार करते. एकच भूमी, एकच हिरवा रंग; पण राखणदाराच्या डोळ्यांनी वाचला की त्याचा अर्थ पालटतो.

काळाचाही अंदाज यात गुंफलेला आहे. 'गॅदरिंग स्टॉर्म'मध्ये ज्वालामुखी जागे होतात, नद्यांना पूर येतात. होत्याचे नव्हते करणारी ती राख आणि तो गाळ पुढे लगतची माती अधिक सकस करून जातात. धुमसत्या शिखराच्या पायथ्याशी वसायचे की नाही, याचे उत्तर कुठल्याही रंगीत पदरात नसते. ते आपल्या धिटाईत असते. आणि डावाच्या उत्तरार्धात, कारखान्यांचा धूर साचून समुद्र चढू लागला, की सखल किनाऱ्याच्या टाइल एक, दोन, तीन मीटरच्या टप्प्यांनी पाण्याखाली जातात. पहिल्या पाळीत जो समुद्र आई होता तोच शेवटी दाराशी येऊन उभा राहतो. तेव्हा नदीमुखाजवळचा तो मोहक सपाट किनारा निवडताना सहा हजार वर्षांनंतरची भरतीही डोळ्यांपुढे आणावी लागते. भूमीचे वाचन इथे भविष्याचे वाचन होते.

आणि अंदाज चुकतो तेव्हा? तेव्हाही रस उणावत नाही, असा माझा अनुभव आहे. एका डावात फिकट निळाईचा लांबच लांब पट्टा दिसला. एवढे उथळ पाणी म्हणजे मोठी भूमी असणार, अशी खूणगाठ बांधून मी पाच पाळ्या त्याच्या कडेने गेलो. निघाली तीन टाइलची एक चिंचोळी जमीन, झाडे दाटलेली, भोवती मासळी आणि प्रवाळ. मनातले महानगर तिथल्या तिथे विरले. पण मग त्या तीन टाइलकडे नीट पाहिले, आणि जाणवले की हिच्या वाट्याला जमीन नसली तरी समुद्र आहे. इथे शेते पाण्यात असतील. त्या डावातले माझे सर्वांत भरभराटीचे शहर त्याच चिंचोळ्या बेटावर उभे राहिले. चुकलेल्या अनुमानाने मला खऱ्या बेटापर्यंत आणून सोडले होते. पुढचे काम त्या बेटाचे होते, आणि ते माझ्या कल्पनेहून अधिक सुज्ञ निघाले.

नकाशा हळूहळू भरत जातो. चर्मपत्राचे शेवटचे तुकडे विरतात, किनारे एकमेकांना जुळतात, नद्यांना, पर्वतरांगांना, ज्वालामुखींना नावे लाभतात. नावांपाशी आलो, की मला खऱ्या कुपेची आठवण होते. माओरी परंपरेतला कुपे हवाईकी या आदिभूमीहून निघाला, एका विराट ऑक्टोपसचा पाठलाग करीत अनोळखी समुद्रात आला, अशी कथा आहे. एका प्रचलित परंपरेनुसार त्याची पत्नी कुरामारोतिनी हिला क्षितिजावर प्रथम काही दिसले. ती जमीन नव्हती. तो एक लांब पसरलेला शुभ्र ढग होता. त्या ढगावरून तिने जाणले, की खाली भूमी आहे. पुढे भूमी सापडली, डोंगर सापडले, नद्या, अरण्ये, हिमशिखरे, नाव देण्याजोगे काय काय सापडले. पण ज्या नावाने माओरी आज आपला देश ओळखतात, ते 'आओतेआरोआ', त्याचा रूढ अर्थ आहे लांब शुभ्र ढग. सगळी भूमी पायाखाली आल्यावरही त्या देशाने आपल्या नावात जपली ती खूण. भूमी दिसण्याआधी, होडीत उभे राहून, कुणीतरी बरोबर वाचलेली.

आपल्या त्या फिकट टाइलवर आता राजधानीचे बंदर आहे. जहाजांच्या गर्दीत तिचा रंग सहसा दिसत नाही. पण डाव लांबत गेला, की मी एकदा तरी तिच्यापाशी जातो, दीपस्तंभाच्या कडेने उरलेली ती हिरवट-निळी झाक शोधतो, आणि शहराचे मूळचे नाव पुसून तिथे 'शुभ्रमेघ' असे लिहितो.